आधी गोळ्या, मग ताट: कीटो पत्रकाच्या नोंदी

सोमवार, ९ जून २०२५

पत्रकाचं काम आजपासून हातात घेतलं. चार पानं, मराठीत, मोठ्या टाइपात. विषय कीटो आहार, म्हणजे भाकरी-भात-साखर जवळपास बंद आणि तूप-तेल भरपूर: कुणाला लागू पडतो, कुणाला त्रास देतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या क्लिनिकच्या बाकांवर आणि आसपासच्या औषध दुकानांत ठेवायचं.

आहारासाठी माझ्याकडं येणारे बरेच जण आता विचारायला येत नाहीत, सुरू करूनच येतात. "मॅडम, कीटो चालू केलंय, जरा बघा की." मोबाईलवर पाहिलेलं असतं ॲव्होकाडो आणि बदामाचं पीठ. घरात असतात ज्वारी, तांदूळ, म्हशीचं दूध आणि कांदा-लसूण चटणी. मग जो तो आपापल्या अंदाजानं ताट मांडतो. मला काळजी आहे ती या अंदाजाची.

क्लिनिकचे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले, "घाबरवणारं पत्रक कोण वाचत नाही, आणि भुलवणारं मी ठेवू देणार नाही." मान्य. माझी एकच अट, उदाहरणं कोल्हापूरच्या ताटातली हवीत.

कच्चा क्रम असा: कीटो म्हणजे काय, काय खायचं, फायदे, तोटे, शेवटी औषधं.

गुरुवार, १२ जून

इतिहासाचा उतारा लिहिला. तो कापू नका असं सरांना सांगणार आहे, कारण सगळा विषय तिथूनच उलगडतो.

हा आहार वजन उतरवण्यासाठी जन्मलेला नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला. उपासात फिट्स कमी होतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, पण उपास किती दिवस करणार? खात राहूनही शरीराला उपास वाटेल असं काही करता येईल का, हा प्रश्न होता. उत्तर होतं स्निग्ध पदार्थ भरपूर, प्रथिनं बेताची आणि पिष्टमय पदार्थ (भाकरी, भात, साखर) जवळपास नाहीत. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध आलं आणि हा आहार मागं पडला. गोळी घेणं सोपं होतं. १९९० च्या दशकात, गोळ्यांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी, तो पुन्हा वर आला.

आज त्याला भक्कम आधार आहे. लंडनच्या २००८ च्या चाचणीत १४५ मुलं होती. आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या, न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. दिल्लीच्या एम्सनं २०१३ मध्ये १०२ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात थोडा सैल प्रकार वापरला होता, दिवसाला १० ग्रॅम पिष्ट, आणि सुमारे निम्म्या मुलांत तसाच फरक दिसला. ही मुलं आपल्याच घरांतली, आपल्यासारखंच जेवण जेवणारी. ते वाचून मला फार बरं वाटलं.

पण तिथं ग्रॅमवर मोजून ताट लागतं. मूळ प्रकारात चार भाग स्निग्ध आणि एक भाग प्रथिनं व पिष्ट मिळून, म्हणजे जवळजवळ ९० टक्के उष्मांक तूप-तेल-लोण्यातून. सोबत रक्ताच्या तपासण्या, जीवनसत्त्वं, कॅल्शियम, मुतखड्यावर नजर. मोबाईलवरच्या व्हिडिओत आहार आला, ही सोबत आली नाही.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात: पिष्ट दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणलं की यकृतातला साखरेचा साठा एक-दोन दिवसांत उतरतो, इन्सुलिन खाली येतं, चरबी सुटते आणि यकृत तिचे कीटोन बनवतं. मेंदूलाही ते इंधन म्हणून चालतात.

शुक्रवार, २० जून

आज घरी काटा घेऊन चुलीशेजारी बसले. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या.

"भाकरी कशाला जोखतीस? किती पीठ ते हातालाच कळतंय की."

हाताला खरोखर कळतं. त्यांनी परातीत घेतलेला प्रत्येक गोळा पिठाच्या हिशोबानं ७५ ग्रॅमच्या आसपास निघाला, इकडं दोन ग्रॅम, तिकडं दोन ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारीत शंभर ग्रॅममागं ६७-६८ ग्रॅम पिष्ट धरलंय. म्हणजे आमच्या घरची एक भाकरी सुमारे ५० ग्रॅम. कीटोची दिवसभराची कमाल मर्यादा एका भाकरीत पुरी झाली, अजून चहातली साखरही धरलेली नाही.

बाकीच्या पिष्टाची मोजदाद पटापट. म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास, १२ ग्रॅमच्या आसपास. शिजवलेला भात शंभर ग्रॅम, २८. मिसळीबरोबरच्या ब्रेडची एक स्लाइस, १२ ते १५. गूळ जवळजवळ सगळा साखरच, सेंद्रिय असो वा नसो. अंडं, एक ग्रॅमही नाही. फ्लॉवर, मेथी, वांगं, दोडका बिनघोर.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भाकरी सोडलेला माणूस रश्श्याला काय लावून खाणार?" हा प्रश्न पत्रकात जसाच्या तसा घालायचा. कारण कीटो मोडतो तो इथंच.

शुक्रवार, २७ जून

फायद्यांचं पान. इथं हात आखडता घ्यायचा नाही, फायदे खरे आहेत.

भूक कमी होते. हे जवळपास प्रत्येक जण सांगतो, आणि प्रथिनं-स्निग्ध वाढल्यावर ते साहजिकच आहे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, उतरतात. टाइप २ मधुमेहात साखर लवकर आटोक्यात येते, कारण वाढवणारी वस्तूच ताटातून गेलेली असते. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. पिष्ट कमी केलेल्या गटात सहा महिन्यांनी ५७ टक्के लोकांचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ च्या खाली होतं, दुसऱ्या गटात ३१ टक्के. हा फरक मोठा आहे.

त्याच आढाव्यात पुढं आहे की वर्ष होईतो हा फायदा ओसरतो. आणि अगदी कडक पिष्टबंदी करणाऱ्यांपेक्षा मध्यम कपात करणाऱ्यांचं वजन सहा महिन्यांत जास्त उतरलं. कारण, कडक आहार पाळला जात नाही. ज्यांनी तो काटेकोर पाळला त्यांच्यात हा फरक उरत नाही.

माझ्या दृष्टीनं आपल्याकडच्या माणसाला सांगण्यासारखं सगळ्यात मोठं तथ्य हेच. दोन भाकऱ्या आणि वाढून घेतलेला भात याऐवजी एक भाकरी, भात बंद, चहा बिनसाखरेचा, उसळ आणि भाजी दुप्पट. याला कीटो म्हणत नाहीत, पण ज्या फायद्यासाठी लोक कीटोकडं धावतात त्यातला बराचसा इथंच मिळतो, आणि तो पुढच्या वर्षीही टिकायची शक्यता जास्त.

पहिल्या आठवड्यात 'तीन किलो उतरले' म्हणून आनंदानं येणाऱ्यांसाठी एक चौकट केली. शरीरातला साखरेचा साठा साधारण अर्धा किलोपर्यंत असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन ग्रॅम पाणी. साठा गेला की पाणी गेलं. चरबी त्यानंतर, सावकाश.

शुक्रवार, ४ जुलै

आज पत्रकाचा क्रमच बदलला.

पन्नाशीतल्या एक काकू उलट्या आणि पोटदुखीनं आल्या. धाप लागलेली. घरच्यांनी पित्त समजून दोन दिवस लिंबूपाणी दिलं होतं. घरच्या मशीनवर साखर १७० च्या आसपास, म्हणून सगळे निर्धास्त. सरांनी आधी गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी होती. मग विचारलं, जेवण काय चाललंय? "भाकरी-भात बंद केलाय, कीटो करायलेत," मुलगा म्हणाला. रक्तातले कीटोन तपासले, भरपूर वाढलेले, रक्त आम्ल झालेलं. लगेच मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात हलवलं. संध्याकाळी कळलं, धोका टळलाय.

डापाग्लिफ्लोझिन किडनीवाटे लघवीतून साखर बाहेर टाकते. चांगलं औषध आहे, हृदयाला आणि किडनीला फायद्याचं, ते कुणी घाबरून सोडू नये. पण तिच्यामुळं रक्तातली साखर बरी दिसते आणि इन्सुलिन कमी राहतं. त्यात ताटातून पिष्ट काढलं की यकृत कीटोन बनवत सुटतं. आहारातल्या कीटोसिसमध्ये (रक्तात कीटोन वाढलेल्या अवस्थेत) कीटोन ०.५ ते ३ मिलिमोलपर्यंत राहतात. इथं ते त्याच्या कितीतरी वर जातात आणि मशीनवरचा साखरेचा आकडा धोक्याची खूण देतच नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्येच ही सूचना दिली होती.

आणि आता हे कोल्हापुरात जास्त का दिसणार तेही लिहून ठेवते. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं. त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा रुपयांच्या आत आली. गरिबाला चांगलं औषध परवडायला लागलं, ही फार चांगली गोष्ट. पण ही गोळी आणि कीटोचा व्हिडिओ, दोन्ही एकाच घरात पोचलेत.

तर औषधं शेवटच्या पानावर ठेवायची नाहीत. पहिलं पान, पहिली ओळ: तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?

मंगळवार, ८ जुलै

औषध दुकानात बसून पाकिटं बघितली. मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, घटकाचं नाव बारीक, त्यातही एकाच गोळीत दोन-तीन घटक. रुग्णाला 'पांढरी, सकाळची' एवढंच ठाऊक. दुकानदार म्हणाले, "नाव कोण वाचतंय, मॅडम? पाकीट दाखवतात आणि हेच द्या म्हणतात."

म्हणून पहिल्या पानावर पाकिटाचं चित्र, बारीक अक्षरांवर लाल गोल, आणि खाली मजकूर:

"नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात बंद करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेत असाल तर जेवणातलं पिष्ट कमी करण्याआधी डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येईल. बीपीची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी असेल तरी विचारा. कीटोत शरीर मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतं, बीपी उतरतं."

त्याखाली एक ओळ: उलटी, पोटदुखी, धाप असेल तर साखर बरी असली तरी दवाखाना गाठा, आणि गोळ्यांची पिशवी बरोबर आणा.

टाइप १ मधुमेह, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, किडनीचा आजार असलेल्या व्यक्ती: यांनी स्वतःहून नाही. एवढंच, फाटे नाहीत.

मंगळवार, १५ जुलै

आखाड चालू आहे. त्र्यंबोली देवीला पंचगंगेचं नवं पाणी घालायला गल्लीतली मिरवणूक गेली, पी ढबाक वाद्यांचा आवाज क्लिनिकपर्यंत. संध्याकाळी गल्लीत मटणाचं जेवण, मीही गेले, आणि डोक्यात पत्रकच.

कोल्हापूरचं मांसाहारी ताट भाकरी-भात वगळला तर कीटोच्या फार जवळ आहे. सुक्कं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वर कांदा-लिंबू. पांढऱ्यात मटणाचा अळणी रस्सा, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. चार माणसांच्या रश्श्यात २० ग्रॅम काजू धरले तर सगळ्यांत मिळून सहा ग्रॅम पिष्ट. चौघांत वाटलं तर नगण्य. तांबड्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण असतं, कांदा जपून. म्हणजे ज्याला डॉक्टरांनी परवानगी दिलीय त्यानं परदेशी फळं शोधत फिरायची गरज नाही. हे मी आनंदानं लिहिलं.

पंगतीत शेजारच्या काकांनी मला ओळखलं. "ताई, मी भाकरी सोडलीया, फक्त मटण." किती दिवस, विचारलं. "सोमवार ते शनिवार. रविवारी सगळं." कीटोत असं चालत नाही. एका दिवसाच्या भाकरी-भातानं कीटोसिस मोडतो, परत यायला दोन-चार दिवस लागतात, मग लगेच पुढचा रविवार. काकांना पोळीभाकरी कमी करून रोज नियमानं जेवायचा सल्ला दिला, आणि लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासून घ्यायला सांगितलं.

शुक्रवार, १८ जुलै

तालमीत गेले होते. पोरांमध्ये कीटोची चर्चा आहे असं कळलं होतं, कुस्तीच्या वजनी गटात बसायला.

वस्तादांनी खुराक सांगितला: दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण, केळी. तूप-बदाम ऐकून कुणाला हाच कीटो वाटेल, पण दूध आणि केळ्यांमुळं तो कीटो नाही, आणि नसणंच योग्य. ताकद एकदम लावायची असते तेव्हा स्नायू साठवलेल्या साखरेवर चालतात. चरबी आणि कीटोन सावकाश जळणारं इंधन आहे, लांब पल्ल्याच्या चालण्या-पळण्याला पुरतं. गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक सेकंदाला झटका. साखरेचा साठा रिकामा घेऊन उतरलेला पैलवान शेवटच्या मिनिटात ढिला पडणार.

वस्तादांचं म्हणणं शास्त्राइतकंच नेमकं होतं. "भात सोडलेलं पोरगं जोरला बसतंय, पण लढतीत हात गळतो त्याचा."

त्यात वजन देण्याआधी पाणी तोडायची सवय. कीटोनं आधीच मीठ-पाणी गेलेलं, वर घाम काढायचा. पायात गोळे, चक्कर. एका कोवळ्या पोरानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, मग तीन किलो कसं कमी करू?" त्याला वेळ दिला, पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन ये म्हटलं. पत्रकात तालमीसाठी वेगळी चौकट टाकतेय. या पोरांच्या जिवाला व्हिडिओ बनवणारा जबाबदार नसतो.

बुधवार, २३ जुलै

तोट्यांचं पान. काही गोष्टी झटपट: सुरुवातीचे काही दिवस डोकं दुखणं, थकवा (मीठ-पाणी वाढवलं की बहुतेकांना बरं वाटतं, पण बीपी आणि किडनीवाल्यांनी मनानं मीठ वाढवायचं नाही), तोंडाला वास, बद्धकोष्ठता, काहींना मुतखडा.

कोलेस्टेरॉलवर मात्र थांबले. काही लोकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कीटोत चांगलंच वाढतं. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात ४० जणांना आलटून पालटून कीटो आणि भूमध्य सागरी पद्धतीचा आहार दिला, दुसऱ्यात कडधान्यं, फळं, अख्खी धान्यं होती. साखर दोन्हीत सारखीच सुधारली. कीटोत ट्रायग्लिसराइड जास्त उतरले, पण एलडीएल वाढलं, तंतुमय पदार्थ कमी पडले, आणि नंतर लोकांना तो टिकवणं जड गेलं. आपल्याकडं हृदयविकार लवकर गाठतो. म्हणून सूचना: सुरू करण्याआधी आणि साधारण तीन महिन्यांनी लिपिड तपासणी. एलडीएल चढलं तर तूप-लोण्याऐवजी शेंगदाणा, तीळ, मासे. तेवढ्यानं उतरलं नाही तर आहार बदला.

खर्चही लिहिला. मटण किलोला सातशेच्या पुढं गेलंय. ज्वारी-मटकीवर चालणाऱ्या घरात एका माणसाचा कीटो म्हणजे बाकीच्यांच्या ताटाला कात्री, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या ताटाला लागते. हे वाक्य सरांनी 'आहाराच्या बाहेरचं' म्हणून खूण केलं होतं. मी ठेवायचा आग्रह धरला, त्यांनी मान्य केलं.

सोमवार, २८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार. सकाळपासून फोन: "उपासाला कीटोत काय चालतं?" साबुदाणा नाही, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममागं ८५ च्या वर. वरी, बटाटा, रताळं, केळं, तेही नाही. राहतात शेंगदाणे, खोबरं, पनीर, काकडी, दही थोडं.

मटण-अंडी महिनाभर बंद असलेल्या घरात कीटो म्हणजे पनीर, खोबरं आणि तूप यांचीच आवर्तनं. प्रथिनं कमी पडतात. अशांना मी श्रावणात कीटो सुरू करू नका असंच सांगितलं. मुगाची उसळ, ताक, भाजी आणि अर्धी भाकरी यात काही कमीपणा नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

कच्ची प्रत बाकांवरच्या लोकांना वाचायला दिली. गोळ्यांच्या पानावर सगळे थांबले, पिशवीतून पाकिटं काढून बारीक अक्षरं बघायला लागले. एका आजोबांना दिसेना, शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं. टाइप आणखी मोठा करायचा. 'पिष्टमय पदार्थ' कुणी अडखळत वाचलं नाही, पण 'भाकरी, भात, साखर, गूळ, साबुदाणा' असं पुढं जोडलं.

इतिहासाचा उतारा कायम राहिला. फिट्स येणाऱ्या मुलाच्या आईनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, आमच्या पोराला होईल का? मेंदूरोगतज्ज्ञांकडं चिठ्ठी दिली. काही जन्मजात विकारांत, उदाहरणार्थ मेंदूपर्यंत ग्लुकोज नेणारं प्रथिन कमी असलेल्या मुलांत, हा आहार हाच पहिला उपचार असतो. ती ओळ नव्यानं घातली.

सोमवार, ११ ऑगस्ट

शाहूपुरीतल्या छापखान्यात अंतिम प्रत दिली. क्रम आता: गोळ्या, कुणी टाळायचं, इतिहास, फायदे, तोटे, भाकरीचा हिशोब, तालीम, तपासण्या.

उरलेली कामं. औषध दुकानदारांशी बोलणं: ग्लिफ्लोझिनचं पाकीट देताना पत्रक हातात द्यावं, दोघं तयार आहेत. उलट्यांनी आलेल्या त्या काकूंना पुढच्या भेटीत नवा आहार लिहून द्यायचा, एक भाकरी धरून. नवरात्राच्या आत उपासाचं पान वेगळं छापायचं, त्यासाठी शेंगदाण्याची आमटी आणि वरीचं वजन घरी काट्यावर घ्यायचंय.